पावसाळ्यातला ठसका

लहानपणी मी रडले तर आई माझे डोळे पुसत नसे. तिचे हात मिरचीचे होते. सकाळी सातला ती सातऱ्यावर जायची, दिवेलागणीला परत यायची. आल्यावर हात आधी राखेने, मग ताकाने, मग गोड्या तेलाने चोळायची, तरी बोटांच्या पेरांत तिखट उरायचंच. एकदा मी तापाने फणफणले होते तेव्हा न राहवून तिने माझ्या गालावर हात ठेवला. मी तापाने रडत नव्हते तेवढी त्या हाताने रडले. त्यानंतर ती मला मनगटाच्या मागच्या बाजूने कुरवाळायची. बाकीच्यांच्या आया तळहाताने कुरवाळतात, हे मला शाळेत गेल्यावर दिसलं.

सातरा म्हणजे काय, ते नागपूरच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं. कळमन्याच्या बाजारात लाल मिरचीची पोती उतरतात. ती मिरची मसाल्याच्या कंपन्यांकडे जाण्याआधी तिचे देठ काढावे लागतात, आणि हे काम बायका हाताने करतात. टिनाच्या शेडमध्ये मिरचीचे ढीग पडतात, ढिगाभोवती बायका बसतात आणि दिवसभर देठ खुडतात. त्या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. मजुरी किलोवर. बसून करायचं, सावलीतलं काम, म्हणून लोक त्याला हलकं काम म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एक दिवस बसून पाहावं.

बाप कळमन्यात हमाल होता. मी तिसरीत असताना पोत्यांची थप्पी त्याच्या कमरेवर आली. तो उठला तो वाकडाच उठला. तिथून पुढे घर आईच्या दहा बोटांवर आलं. बाप खाटेवर बसून लसूण सोलायचा, भाजी चिरायचा, आणि आई दारात दिसली की म्हणायचा, "आली वं माह्या घरची मॅडम ड्यूटीवरून." आई हसायची नाही. हसलं की ठसका लागायचा.

आणि घरात मिरची विकत आणावी लागायची. सातऱ्यावरून निघताना मुकादमीन, म्हणजे बायकांवर देखरेख करणारी बाई, प्रत्येकीला पदर झटकायला लावायची. दिवसभर मिरचीत बसलेल्या बाईच्या घरी रात्रीच्या वरणात घालायला दोन मिरच्या नसायच्या. महिनाअखेरीला आम्ही मीठ आणि तेल लावून भाकर खायचो.

मला तिने एकही देठ खुडू दिला नाही. सुट्टीत वस्तीतल्या माझ्या वयाच्या पोरी आईसोबत सातऱ्यावर बसायच्या. मी म्हटलं, मीही येते. ती म्हणाली, "तू आली तं तुह्या बोटाइले पेन धरवणार नाही." आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकायचं हे ठरलेलं होतं. आजोबांच्यानं ते झालं नाही, बापाच्यानं झालं नाही. माझ्यावर येऊन थांबलं होतं.

महाल भागातल्या एका कॉलेजात मी बी.कॉम.ला गेले. पहिल्याच आठवड्यात उभी राहून म्हणाले, "सर, मले रोल नंबर नाही भेटला." वर्ग हसला. नागपूरचाच वर्ग, घरी सगळेच तसं बोलणारे, तरी हसला. मी ठरवलं की हे पुन्हा होणार नाही. 'मले'चं 'मला' केलं. 'मी गेली'चं 'मी गेले' केलं. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, आरशासमोर बोलायचे. दोन वर्षांत माझी भाषा धुऊन निघाली. आई शेजारणींना सांगायची, "टीव्हीवानी बोलते माही पोट्टी." तिला त्याचा अभिमान होता, मलाही होता. घरातली सोडा, गल्लीतली मी पहिली पदवीधर मुलगी. हे मी कमी आवाजात सांगत नाही, कधी सांगितलं नाही.

एम.कॉम. झाल्यावर धरमपेठेतल्या एका लहानशा सल्लागार कार्यालयात नोकरी लागली. तिथलं काम आईला समजावून सांगायला मला एक आठवडा लागला. मोठे फंड लोकांचा पैसा कंपन्यांमध्ये लावतात. पूर्वी फक्त नफा पाहायचे. आता तीन गोष्टी आणखी पाहतात: कंपनी हवापाण्याचं काय करते, माणसांना कसं वागवते आणि तिचा कारभार सरळ आहे की नाही. याला ईएसजी म्हणतात. फंडाचे लोक मुंबईत बसतात, म्हणून ते आमच्यासारख्यांना पाठवतात. आम्ही पाहून, विचारून गुण देतो. त्या गुणांवर पैसा लावायचा की नाही, आणि लावला तर कोणत्या अटींवर, हे ठरतं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू कंपनीले मार्क देतं?"

"हो."

"बरं हाये," ती म्हणाली. "आतापर्यंत तेच आमाले देत होते."

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, एका मसाला कंपनीचं काम आलं. कंपनीला नवा कारखाना टाकायचा होता आणि एक फंड त्यात पैसा घालायला तयार होता. कंपनीची मिरची तीन सातऱ्यांवर खुडली जायची. त्यातल्या एकावर माझी आई वीस वर्षं बसली होती. ते मी सरांना आधीच सांगितलं. सर म्हणजे कार्यालयाचे मालक, साठीचे, शांत. ते म्हणाले, "मग तर तुम्हाला आतली माहिती असेल. तुम्ही माणसांचा भाग बघा."

हवापाणी आणि कारभार त्यांनी पाहिला. कंपनीच्या छपरावर सोलर होतं, त्याला चांगले गुण गेले. तक्रारपेटी होती. ती पुरुषभर उंचीवर टांगलेली आणि किल्ली मुकादमिणीच्या कमरेला, हे मी दाखवलं तेव्हा सरांनी तिचे गुण कापले. आपण बरोबर माणसाला पाठवलं, असं त्या दिवशी त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं.

माझ्या भागात बायकांना विचारायचे चाळीस प्रश्न होते, इंग्रजीत. त्यांचं मराठी मी एका दुपारी केलं. चौदावा प्रश्न असा होता: 'मागील तीन महिन्यांत आपणास खोकल्याचा त्रास झाला आहे काय?' शेवटच्या त्या 'काय'वर मी खूश होते. कॉलेजच्या सरांनी वाचलं असतं तर त्यांना एक चूक सापडली नसती.

सातऱ्यावर गेले. तीच जागा, तेच टिन. मुकादमीन लांब बसेल एवढं आम्ही आधीच मागून घेतलं होतं. ती लांब बसली, पण आमच्याकडे तोंड करून. मी तोंडावर मास्क बांधला होता, तरी पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकेकीला बाजूला बोलवून विचारायचं होतं, पण ढीग सोडला तर किलो कमी भरतो, म्हणून मीच एकेकीजवळ जाऊन बसले.

आईच्या ढिगाची जोडीदारीण अजून तिथेच बसत होती. मी तिला लहानपणापासून मावशी म्हणते. आईने काम सोडल्यावर मधली जागा तिने दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, तिथे स्वतःची डब्याची पिशवी ठेवायची.

"मावशी, काही प्रश्न विचारायचे आहेत."

"मावशी घरी," ती म्हणाली. "इथं मी कामगार हाये. विचारा, मॅडम." आजूबाजूच्या बायका हसल्या.

पाणी प्यायला मिळतं का, संडास आहे का, हे सगळं झालं. चौदावा प्रश्न आला.

"मागील तीन महिन्यांत आपणास खोकल्याचा त्रास झाला आहे काय?"

"नाही."

"नक्की?"

"खोकला नाही वं बाप्पा. तुह्या मायले विचार, तिले सगळं माहीत हाये." असं म्हणून तिने तोंड वळवलं आणि पदरात तीनदा ठसकली. शेजारची ठसकली. तिच्या पलीकडची ठसकली. मास्कमध्ये मीही ठसकले. आणि मी लिहिलं: नाही.

हे मी नंतर खूपदा आठवलं आहे. मी बहिरी नव्हते. पण तो आवाज माझ्या घरातला होता. घड्याळाच्या टिकटिकीसारखा मी तो ऐकणंच सोडून दिलं होतं. तीन सातऱ्यांवर फक्त दोघी 'हो' म्हणाल्या. बाकी सगळ्या 'नाही'. अहवालात मी लिहिलं की कामगारांच्या श्वसनाच्या आरोग्याची जोखीम कमी आहे. शुक्रवारी अहवाल मुंबईला गेला. पुढच्या गुरुवारी फंडाच्या समितीची बैठक होती, तिथे निकाल लागणार होता.

रविवारी आई दारात ऊन घेत बसली होती. काम सोडून तिला दोन वर्षं झाली होती. मी तिला सातऱ्यावरच्या गमती सांगत होते, मावशी मला मॅडम म्हणाली ते सांगत होते. मग सांगितलं की तब्येतीचा निकाल चांगला आला.

"काय विचारलं तू?"

मी प्रश्न जसाच्या तसा म्हणून दाखवला, 'काय'सकट.

आई हसली. हसता हसता ठसका लागला, तो थांबेना. मी पाणी दिलं. दम खात तिने विचारलं, "हो कोण म्हटलं?"

"दोघी. याच सीझनला आलेल्या."

"तेच. त्याइले अजून माहीत नसन." तिने पाण्याचा गडू खाली ठेवला. "खोकला काहून सांगतीन वं बाया? खोकला म्हणजे टीबी. खोकला हाये म्हटलं का मुकादमीन म्हणते, घरी बस, दुसरीले लागन. मंग कोण घेते कामावर? आमच्या इथं कोणाले खोकला नसते. ठसका असते. ठसका म्हणजे मिरचीचा. ती काय बिमारी हाये?"

मी गडू उचलून पुन्हा भरून आणला.

"माय रोज घरात ठसकून राहिली, अन् पोरगी खोकला विचारत फिरून राहिली," ती म्हणाली. रागाने नाही. तिला खरंच गंमत वाटत होती.

"मग मी ठसका विचारायला हवा होता."

"ठसका विचारशीन तं सगळ्याच हो म्हणतीन. मिरचीपाशी बसल्यावर कोणाले नाही लागत? तुलेही लागला असन." मग म्हणाली, "असं विचार, पावसाळ्यात लागते का? पावसाळ्यात मिरची नसते, सातरा बंद. तवाही लागत असन तं तो मिरचीचा नाही राहिला. तो छातीत घर करून बसला."

सातवी नापास बाई. चाळीस प्रश्न ज्याने इंग्रजीत तयार केले त्याला हे सुचलं नव्हतं, मला तर नाहीच नाही.

"तुला लागतो पावसाळ्यात?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तू याच घरात राहते ना वं?"

सोमवारी मी सरांच्या समोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्यांनी नाही म्हटलं, आपण नाही लिहिलं. पद्धतीत चूक कुठे आहे?"

"शब्दात आहे, सर. शब्द मी निवडला."

"आपणच आपल्या अहवालात चूक काढली तर पुढचं काम ते आपल्याला देतील?"

"नाही देणार कदाचित."

"आणि समजा, फंड घाबरला आणि मागे फिरला. कंपनी पैसा दुसरीकडून आणेल. तो देणारा बायकांना काही विचारणारच नाही. मग तुम्ही काय मिळवलं?"

मी म्हटलं, "सर, माझ्या आईच्या छातीवर मी 'जोखीम कमी' असं लिहून आले आहे. ते मला खोडायचं आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "दोन दिवस. स्वतःच्या रजेत. आणि चूक कोणाची, ते मी मुंबईला स्पष्ट लिहीन."

"लिहा."

या वेळी मी सातऱ्यावर गेले नाही. सुट्टी झाल्यावर बायका ज्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटं टेकतात, तिथे उभी राहिले. मास्क नाही, कागद नाही. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते सात-आठ वर्षांत निघालं नव्हतं. "मावशी, पावसाळ्यात ठसका लागते का वं?"

मावशीने चहाचा ग्लास ओठाला लावला होता, तो खाली घेतला. "आली लायनीवर," ती म्हणाली. "लागते. निजलं का लागते. दोन उशा घ्या लागते."

मग एकेक बोलायला लागली. एक म्हणाली, पाणी भरून आणताना मध्ये दोनदा बसावं लागतं. एक म्हणाली, मागच्या पावसाळ्यात थुंकीत लाल दिसलं, वाटलं मिरचीचंच असेल. एकीने विचारलं, "हे लिवल्यावर काम बंद होईन का?"

"नाही होणार," मी म्हटलं.

हा शब्द देण्याचा मला कसलाही अधिकार नव्हता. तरी दिला. दोन दिवसांत तिन्ही सातऱ्यांवरच्या बायका झाल्या. अर्ध्याहून जास्त जणींना पावसाळ्यात ठसका लागत होता.

गुरुवारी समितीची बैठक कॉम्प्युटरवर झाली. सहा चेहरे मुंबईत, सर आणि मी धरमपेठेत. सरांनी चूक कोणाची ते सांगितलं, कमी-जास्त न करता. त्यावर समितीतल्या एका गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं की खोकला आणि तुमचा हा ठसका यात फरक काय. मी इंग्रजी शब्द शोधला. सापडला नाही. मग मी करून दाखवला. आईचा, जसा निजल्यावर लागतो तसा. आधी घशात कोरडा, मग खोल, मग श्वास आत ओढताना येणारी शिट्टी, मग पुन्हा. मी नकला करणारी नाही, पण हा मला पाठ होता. संपला तेव्हा सहाही चेहरे हलत नव्हते. मला वाटलं नेट गेलं.

फंडाने पैसा लावला, पण अटींवर. तिन्ही सातऱ्यांवर धूळ ओढून घेणारे पंखे बसवायचे. बाहेरच्या डॉक्टरकडून दर सहा महिन्यांनी बायकांची छाती तपासायची. पुढच्या वर्षी पाहणी होईल, अटी पाळल्या असतील तरच उरलेला पैसा मिळेल. अटींचा मसुदा मीच लिहिला. घरी जाऊन आईला वाचून दाखवला. बाप खाटेवरून म्हणाला, "आता ही कंपनीले पदर झटकाले लावते." त्या संध्याकाळी आम्ही तिघं पोट भरून हसलो. आईला ठसका लागला तरी हसलो.

पंखे एकाच सातऱ्यावर बसले. बाकीचे दोन ठेकेदाराने बंद केले आणि ती मिरची लांबच्या खेड्यांत घरोघरी खुडायला द्यायला सुरुवात केली, जिथे कोणाची पाहणी जात नाही. तिथल्या बायकांना खोकला आहे की ठसका, हे मला माहीत नाही. इकडच्या दोन सातऱ्यांवरच्या बायका घरी बसल्या. त्यांतली एक मला बाजारात दिसली तेव्हा दुसऱ्या रांगेत निघून गेली.

मावशीचा सातरा चालू राहिला. एप्रिलमध्ये डॉक्टर आले, नळीत फुंकून घेतलं, छातीचे फोटो काढले. पंधरा दिवसांनी मावशी आमच्या दारात एक कागद घेऊन आली. "वाच वं, मले चष्मा नाही." चष्मा तिला कधीच नव्हता, वाचताही येत नव्हतं.

कागदावर लिहिलं होतं की तपासणीत श्वसनाचा विकार आढळल्यामुळे आपल्या आरोग्याच्या हितासाठी आपणास कामावरून कमी करण्यात येत आहे. आधार म्हणून खाली अट छापली होती: 'विकार आढळलेल्या कामगारास मिरचीच्या संपर्कात ठेवू नये.' ते वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझा. त्यांना मिरचीजवळ ठेवू नका, हे मी लिहिलं होतं. मग ठेवायचं कुठे, हे लिहिलं नव्हतं. अशा सहा जणी होत्या.

मी वाचून दाखवलं. मावशीने कागद परत घेतला, चार घड्या केल्या.

"तू कधी नापास नाही झाली," ती म्हणाली. "आमालेच नापास करून आली."

आई आतून म्हणाली, "तिले काय बोलतं वं."

"बोलू नको तं काय करू? काहून, खोटं हाये का?" मग आईच्या शेजारी जाऊन बसली. अधूनमधून एकीला ठसका लागायचा, तो थांबला की दुसरीला.

माझ्या आईची तपासणी त्या डॉक्टरांनी केली नाही. काम सोडलेल्या बायका यादीत नव्हत्या. त्यांचा विचारही मी अटींत केला नव्हता. सरकारी दवाखान्यात मी तिला नेलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, खोकला किती वर्षांपासून आहे?

"खोकला नाही जी," आई म्हणाली. "ठसका हाये."

ती ऑगस्टमध्ये गेली. सातरा बंद असतो त्या दिवसांत. तिला शेवटची आंघोळ घातली तेव्हा मी तिचे हात माझ्या तोंडावर ठेवून पाहिले. पेरांत काही उरलं नव्हतं, डोळ्यांना काही झोंबलं नाही. बाप म्हणाला, "बस, आता राहू दे." पांढरं लुगडं नेसवून, वंदना म्हणून आम्ही तिला नेलं. मावशी सगळा वेळ दारात उभी होती. आम्ही परत आल्यावर तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "तुह्या त्या साहेबाइले सांग, आणखी एक लिवाचं राहिलं."

जानेवारीत पाहणी आली. सरांनी ती मलाच दिली. त्या वर्षात आमच्या कार्यालयाकडे एक-दोन कामं कमी आली होती. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, पुन्हा काढलं नाही. मी अहवालात जे झालं ते सगळं लिहिलं: दोन सातरे बंद झाले, मिरची खेड्यांत गेली, सहा जणींना घरी बसवलं. कोणत्या वाक्याच्या आधारे बसवलं आणि ते वाक्य कोणी लिहिलं, हेही लिहिलं. कंपनीचे अधिकारी म्हणाले, आम्ही अट पाळली. खरंच पाळली होती. समितीतल्या त्या गृहस्थांनी, ज्यांना मी ठसका करून दाखवला होता, विचारलं की आता काय हवं. मी दोन वाक्यं वाचून दाखवली. आजारी निघालेल्या बाईला कंपनीने दुसरं काम द्यावं आणि मजुरी कमी करू नये. सोडून गेलेल्या बायकांचीही तपासणी करावी. कंपनीने सांगितलं, हे मूळ अटींत नव्हतं. फंडाने उरलेला पैसा पाच महिने अडवून ठेवला. मग कंपनी पहिल्या वाक्याला हो म्हणाली. दुसऱ्याला नाही म्हणाली. पैसा सुटला.

बंद झालेले दोन सातरे पुन्हा उघडले नाहीत. खेड्यांत अजून कोणी गेलेलं नाही, मीही नाही. जुन्या बायकांची तपासणी होत नाही.

एका सातऱ्यावर पंखे आहेत आणि ते चालू असतात, मी न सांगता जाऊन पाहिलं आहे. आमच्या कार्यालयाच्या फॉर्ममधला चौदावा प्रश्न आता असा आहे: पावसाळ्यात ठसका लागते का? घरी बसवलेल्या सहा जणींना कंपनीच्या पॅकिंग विभागात काम मिळालं, मजुरी तेवढीच. मावशी तिथे लेबलं चिकटवते.